पाण्याच्या दिवशी माझा पेपर

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, कारण मी सांगत असताना मध्येच कुणी फिस्सकन हसलं की माझा ओघ तुटतो. आणि हो, "असं कुठं होतं का?" हे मला विचारू नका. होतं. माझ्या बाबतीत होतं. आमच्या हर्सूलच्या अख्ख्या गल्लीला ही गोष्ट पाठ आहे, म्हणून म्हटलं, तुम्ही ती माझ्याच तोंडून ऐकावी. दुसऱ्या कुणाकडून ऐकलीत तर त्यात मी याहून बावळट दिसते.

तर झालं असं की मी परीक्षेची तयारी करत होते. आयटी सपोर्टच्या सर्टिफिकेशनची परीक्षा. म्हणजे ऑफिसात कुणाचा कॉम्प्युटर सुरू होत नाही, प्रिंटर कागद गिळून बसतो, नेट चालत नाही, तेव्हा ज्या माणसाला फोन लावून सगळे ओरडतात ना, तो माणूस व्हायची परीक्षा. ओवी व्हायच्या आधी दोन वर्षं मी हेच काम करत होते. ओवी आता साडेतीन वर्षांची आहे. एवढ्या काळात कॉम्प्युटर कुठल्या कुठं गेले आणि मी मात्र वरणभात कालवण्यात पटाईत झाले.

वाळूजच्या एका कंपनीत जागा होती. तिथल्या मॅडम फोनवर फार गोड बोलल्या. "गॅप पडलीय ना तुमची, अश्विनी? परीक्षेचे दोन पेपर आहेत, त्यातला पहिला तरी पास होऊन या. महिनाअखेरपर्यंत जागा ठेवते."

महिनाअखेर! आता मी मुळातच काळजीवर जगणारी बाई. ओवीला एक शिंक आली की मी दवाखान्याची वेळ बघते. त्यात ही महिनाअखेर. मी पोळ्या लाटताना पाठांतर, कपडे वाळत घालताना पाठांतर. त्या अभ्यासात एक प्रकरण आहे, बिघाड शोधायच्या पायऱ्या. पहिली पायरी, वापरणाऱ्याला विचारा. दुसरी, सगळ्यात साधं कारण आधी तपासा. मग पुढच्या. हे माझ्या अंगात इतकं भिनलं की एकदा कुकरला शिट्टी होईना, तर मी गॅस तपासला, रिंग तपासली, झाकण फिरवून बघितलं, पाणी किती घातलं होतं ते आठवलं. सासूबाई आल्या, कुकरकडं बघितलं आणि म्हणाल्या, "शिट्टी कुठं हाय?"

शिट्टी ओवीच्या हातात होती.

सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांची ओळख करून द्यायलाच हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ माझा असला तरी त्याला गल्लीभर पसरवायचं श्रेय त्यांचं. आत्याबाई गावाकडच्या. वीस वर्षं मेंढरं राखलेली बाई. पन्नास मेंढरांत कुठलं कमी आहे हे न मोजता सांगायच्या. आता मेंढरं नाहीत, पण काठी आहे. आणि नजर आहे.

परीक्षा घरून देता येते हे कळल्यावर मला कोण आनंद झाला! ओवीला सोडून कुठं जायला नको. मी आत्याबाईंना समजावलं.

"आत्याबाई, पेपर आपल्या आतल्या खोलीतच द्यायचाय. कॉम्प्युटरवर. समोर कॅमेऱ्यातून एक माणूस बघत बसणार."

"कोन मानूस?"

"परीक्षा घेणारा. तो कुठं तरी लांब असतो. दिल्लीत, नाहीतर परदेशात."

"आन तितनं आपलं घर बघनार?"

"खोली बघणार. चारी भिंती, टेबलाखाली, सगळं."

आत्याबाईंनी आधी डोक्यावरचा पदर सारखा केला, मग वर छताकडं बघितलं. "मंग जाळी काढाया पायजेत की!"

दिवाळीत निघाली नसती इतकी जाळी त्या दिवशी निघाली. पंखा पुसला, खिडक्या धुतल्या. परीक्षा राहिली बाजूला, घरात सोयरीक जुळवायला पाहुणे येणार असल्यासारखं झालं. मी म्हटलं, भिंतीवर काहीही नको, नियम आहे. कॅलेंडर काढलं. ओवीचा पहिल्या वाढदिवसाचा फोटो काढला. राहिला माझ्या सासऱ्यांचा हार घातलेला फोटो.

"ह्यांना बी काढायचं?" आत्याबाई म्हणाल्या.

"काढावं लागेल. भिंतीवर काही असलं की त्यांना कॉपीचा संशय येतो."

"ह्यांच्याकडनं कॉपी?" आत्याबाई फोटोकडं बघत राहिल्या. "आगं, तिसरीत नापास झाले म्हनून तर मेंढरामागं गेले त्ये!"

पहिल्यांदा घेतलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी ओवीला ताप आला. दवाखान्यात नंबर यायची वाट बघत, एका मांडीवर ओवी आणि दुसऱ्या मांडीवर फाईल अशी बसून मी मोबाइलवरून तारीख बदलली. शुक्रवार, सकाळी अकरा. लगेच मेल आला. तो मी किती वेळा वाचला असेन? शुक्रवार, अकरा. शुक्रवार, अकरा. झोपेतसुद्धा. घरी येऊन त्याची प्रिंट काढली. आत्याबाईंनी ती माझ्या हातातून घेतली, देवघरात ठेवली आणि वर हळदकुंकू वाहिलं. झालं. मला वाटलं, आता काय बिघडणार?

गुरुवारी दुपारी गल्लीच्या ग्रुपवर पाणी सोडणाऱ्या लाइनमनचा मेसेज आला. "उद्या पाणी. साडेदहा ते बारा."

मी मटकन खालीच बसले.

का ते सांगते. आमच्या गल्लीत पाणी आठवड्यानं येतं. आणि येतं ते सणासारखं येतं. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, कुणाला जेवायला बोलवत नाही. साखरपुड्याचा दिवस काढताना लोक आधी पाण्याचा दिवस बघतात आणि मग मुहूर्त. पाणी सुटलं की अकरा घरांतल्या अकरा मोटारी एकदम सुरू होतात. त्या सुरू झाल्या की घरातले बल्ब निरांजनासारखे होतात, नेटचा डबा डोळे मिटतो आणि गल्लीतले लोक एकमेकांशी विमानतळावर उभं असल्यासारखे ओरडून बोलतात. इकडं परीक्षेचा नियम काय? नेट गेलं, पेपर रद्द. खोलीत दुसऱ्या माणसाचा आवाज आला, पेपर रद्द.

"आत्याबाई," मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "उद्या माझं काही खरं नाही."

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. काठी उचलली. चपला घातल्या. मी म्हटलं, "कुठं निघालात?"

"तू आब्यास कर," म्हणाल्या आणि गेल्या.

दहा मिनिटांत जाधव सरांच्या ओट्यावर अख्खी गल्ली जमली होती. मी दाराआडून बघत होते. जाधव सर म्हणजे गल्लीतलं पहिलं घर, निवृत्त मुख्याध्यापक. मोटारही गल्लीत सगळ्यात मोठी त्यांचीच. त्यांची मोटार सुरू झाली की पुढच्या घरांचे नळ खोकायला लागतात. आणि गल्लीच्या पार शेवटी कांताबाई. त्यांच्या नळाला खोकलाही येत नाही. पाण्याच्या दिवशी त्या दोन घागरी घेऊन दारोदार हिंडतात.

"उंद्या कुनी मोटार लावायची नाय," आत्याबाईंनी जाहीर केलं.

"आँ?"

"माज्या सुनंचा पेपर हाय. मोटारी लावल्या की लाइट मरती. लाइट मेली की नेट मरतं. नेट मेलं की पेपर मेला."

मला सांगा, मी तीन आठवडे जे नेटवर्किंग वाचत होते ते ह्या बाईनं एका दमात सांगितलं की नाही?

समोरच्या शबाना भाभी म्हणाल्या, "पन अम्मा, मोटर नै लगाए तो हफ्ताभर क्या करना?"

"नळाखाली बकेट लाव. मोटारी नव्हत्या तवा काय तहानंनं मेलो व्हतो का?"

सगळे जाधव सरांकडं बघायला लागले. सरांची टाकी वर गच्चीवर. मोटारीशिवाय तिथं एक थेंब चढणार नाही. सर नाही म्हणणार हे ठरलेलंच. पण सरांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "परीक्षा किती वाजता आहे?"

"आकराला."

"वेळ किती?"

"दीड तास," मी दाराआडून म्हटलं.

आता मुख्याध्यापकाला निवृत्त करता येतं, पण परीक्षा हा शब्द ऐकल्यावर त्याच्या अंगात जे येतं ते कसं निवृत्त करणार? सर उठून उभेच राहिले. "मग मोटारच काय, आवाजसुद्धा होता कामा नये! उद्या साडेदहा ते साडेबारा ह्या गल्लीत कोणी बोलणार नाही. स्टीलची भांडी आणायची नाहीत, प्लास्टिकचीच आणायची. चपला घरी काढून यायच्या. काही सांगायचं असेल तर हातवारे."

"आन शिंक आली तर?" कांताबाईंनी विचारलं.

"घरात जाऊन शिंकायचं."

कांताबाई हसल्या. "माजं काय, मी गप्पच की. मोटार लावली काय न् न लावली काय, माज्या नळाला हवाच येती."

खरं सांगते, मला भरून आलं. आठवड्याचं पाणी सोडायला तयार झाली हो माणसं! मी दाराआड उभी राहून डोळे पुसले आणि मनाशी म्हटलं, अश्विनी, आता पास झालीच पाहिजेस. ह्यांना तोंड दाखवायचंय.

शुक्रवार उजाडला. संदीप, म्हणजे माझा नवरा, पहिल्या शिफ्टला गेला. जाताना म्हणाला, "टेन्शन घेऊ नकोस." हे सांगणाऱ्या माणसाला स्वतःला कधीच टेन्शन नसतं. ओवीला शबाना भाभींनी त्यांच्या पोरांत खेळायला नेलं. खोलीत फोन चालत नाही, म्हणून मी फोन आत्याबाईंकडं दिला. त्यांनी तो पिठाच्या डब्यात पुरला. का, तर म्हणे आवाज दबतो. मग खोलीचं दार बाहेरून ओढून घेऊन त्या काठीसकट उंबऱ्यावर बसल्या.

पावणेअकराला मी टेबलाशी बसले. आधार कार्ड, पॅन कार्ड समोर मांडलेलं. खिडकीला चादर. भिंती मोकळ्या. लॉगिन केलं.

स्क्रीनवर माझं नाव आलं, पण "परीक्षा सुरू करा" हे बटण कुठं दिसेना.

असेल, अकराला येईल, म्हणून बसले. अकरा वाजले. बटण नाही.

आता मी कोण? तीन आठवडे बिघाड शोधायच्या पायऱ्या घोकलेली बाई! मी शांतपणे कामाला लागले. पान पुन्हा उघडलं. नाही. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं. नाही. लॅपटॉप बंद करून चालू केला. नेटच्या डब्याची वायर काढून घातली. लॅपटॉपचं घड्याळ चुकलंय का ते बघितलं. अँटिव्हायरस बंद केला. बटण काही नाही. पायरीमागून पायरी, सगळं अगदी पुस्तकात दिल्याप्रमाणे. परीक्षकानं त्या वेळी बघितलं असतं तर जागेवर पास केलं असतं मला. पण परीक्षक होता कुठं?

घाम पुसताना चादरीच्या फटीतून बाहेर नजर गेली, आणि जे दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही.

पाणी सुटलं होतं. अख्खी गल्ली अनवाणी होती. बायका पंज्यांवर चालत होत्या. प्लास्टिकच्या बकेटा ह्या हातातून त्या हातात सरकत होत्या आणि कुणाच्या तोंडातून शब्द नाही. शबाना भाभी ओढणी तोंडाला घट्ट बांधून ड्रम भरत होत्या. मध्ये जाधव सर हाताची घडी घालून येरझाऱ्या घालत होते. त्यांच्या ओट्यावर खडूनं फळा लिहिलेला, "शांतता राखा. परीक्षा चालू आहे." एकाची बकेट निसटली, तर चार जणांनी झडप घालून ती हवेत धरली!

आणि इकडं मी. बटण शोधतेय.

इतक्यात स्वयंपाकघरात काहीतरी घुमल्यासारखं झालं. पिठाचा डबा वाजत होता. बंद झाला. पुन्हा वाजला. आत्याबाई उठल्या. गल्ली एवढी चिडीचूप होती की त्यांचं कुजबुजणंसुद्धा मला दाराआडून स्वच्छ ऐकू येत होतं.

"कोन बोलतंय? ... न्हाय, अश्विनी पेपरला बसलीय. फोन ठिवा. ... आँ? ... आवो, सांगितलं नव्हं, पेपरला बसलीय! ... तुमच्याकडं? ... तुमच्याकडं कशी बसंल, माज्या घरात बसलीय, मीच दाराला बसलीय!"

आणि मग एकदम धारदार आवाजात, पण कुजबुजतच, "मला समदं ठावं हाय. आमच्या भजनी मंडळात सांगून गेल्यात, आसले फोन येत्यात म्हनून. ओटीपी देनार नाय!"

अजून केली नव्हती ती पायरी तेव्हा कुठं आठवली. पहिली! वापरणाऱ्याला विचारा! आणि वापरणारी कोण? मीच!

मी दार ढकललं. आत्याबाईंनी काठी आडवी घातली. "भाईर नको येऊ! क्यामेऱ्यातला मानूस बघतोय ना!"

"आत्याबाई, फोन द्या!"

फोन घेतला, कानाला लावला. पलीकडं एक मुलगी होती, रडायच्या बेतात. "मॅडम, मी सिडकोतल्या परीक्षा सेंटरवरून बोलतेय. अकराच्या पेपरला आज तुम्ही एकट्याच आहात. येताय ना? साडेअकरापर्यंत बसवता येईल. मघापासून एक आजी मला पोलिसात देते म्हणतायत."

मी देवघराकडं धावले. देवासमोरची प्रिंट उचलली, हळदकुंकू झटकलं. ठळक अक्षरात, अगदी बरोब्बर त्या पिवळ्या-लाल ठिपक्यांखाली, सेंटरचा पत्ता. शुक्रवार होता. अकरा होते. घर मात्र नव्हतं.

दवाखान्यात तारीख बदलताना ते पान पुन्हा विचारतं, पेपर घरून की सेंटरवर. तिथं बोट पडलं. आता ते बोट माझं की मांडीवर वळवळणाऱ्या ओवीचं, हे कधीच सिद्ध होणार नाही. मी ओवीचंच म्हणते. मोठी झाली की तिनं काय ते उत्तर द्यावं.

घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं.

मी कार्डं उचलली आणि घराबाहेर पडले. अख्खी गल्ली जागच्या जागी गोठली. भरलेल्या बकेटा हातात, तोंडं उघडी. जाधव सरांनी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं, जवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "इतक्या लवकर? सगळे प्रश्न सोडवलेस का? जा, एकदा तपासून बघ."

आता सांगा, काय बोलायचं ह्यावर? धरणी दुभंगावी असं म्हणतात, पण आमच्या गल्लीत धरणीवर सिमेंट आहे.

"सर," मीही कुजबुजले, "पेपर इथं नाहीये."

"म्हणजे?"

"सेंटरवर आहे. सिडकोत. मी... मी मेल नीट वाचला नव्हता."

नळांची धार तेवढी पडत होती. सरांनी फळ्याकडं बघितलं, गच्चीवरच्या कोरड्या टाकीकडं बघितलं, स्वतःच्या अनवाणी पायांकडं बघितलं आणि कुजबुजत विचारलं, "मग आम्ही गप्प का आहोत?"



आणि त्याच क्षणी गल्लीच्या टोकाकडून आरोळी आली. "पानीऽऽ! अगं बया, पानी आलंऽऽ! माज्या नळाला पानीऽऽ!"

कांताबाई! एकही मोटार ओढत नव्हती, म्हणून पाणी आपलं आपण सरळ शेवटच्या घरापर्यंत चालत गेलं होतं. ह्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा त्यांचा नळ वाहत होता. सगळी गल्ली तिकडं धावली, आणि शबाना भाभींनी माझ्या दंडाला धरून मला स्कूटीकडं ओढलं.

"बैठ! मेरेकू पकड के बैठ!"

जळगाव रोडनं ती स्कूटी कशी गेली ते मला माहीत नाही, मी डोळे मिटले होते.

"भाभी, मैं पागल हूँ क्या?"

"हौ. पन अब्बी नक्को सोच. पेपर के बाद सोच, पूरी शाम पड़ी है."

"गल्लीवाले क्या बोलेंगे?"

"बोलेंगे ना, दबाके बोलेंगे! आधे घंटे से चुप बैठे थे बिचारे. अब्बी तू सिग्नल देख, कोई पुलिसवाला है क्या?"

अकरा सत्तावीसला मी सेंटरच्या दारात होते. ती फोनवरची मुलगी मला बघून उठून उभीच राहिली. "मॅडम, आधी फोटो काढायचा असतो. पण तुमच्या... तुमच्या गालाला पीठ लागलंय."

"काढा," मी म्हटलं. "वेळ नाही."

म्हणून सांगते, माझ्या त्या परीक्षेच्या रेकॉर्डला डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत ज्वारीचं पीठ आहे.

आणि पहिलाच प्रश्न काय यावा? ग्राहकाचा फोन आलाय, स्क्रीनवर हवं ते दिसत नाही, तुम्ही सगळ्यात आधी काय कराल? पर्याय चार. मशीन बदलाल, सगळं पुसून नव्यानं घालाल, वायर तपासाल, की तो नेमकं काय करायला बसलाय हे त्याला विचाराल? बायांनो, इतक्या आत्मविश्वासानं मी आयुष्यात लग्नाला होकारही दिला नव्हता.

पेपर झाला. शेवटचं बटण दाबलं. निकाल तिथल्या तिथं येतो. पास! मी खुर्चीतच हुंदका दिला. ती मुलगी पाणी घेऊन धावत आली. म्हटलं, नको गं, पाण्याचं नाव नको काढूस.

परतताना मात्र गल्लीला तोंड कसं दाखवायचं हाच प्रश्न होता. अख्ख्या गल्लीला अर्धा तास अनवाणी नाचवलं मी. चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून, गॉगल लावून भाभींच्या मागं बसले. गल्लीत शिरलो, तर कांताबाईंच्या दाराशी ही गर्दी! ड्रम भरलेले, पातेली भरलेली, कुकर भरलेला, परात भरलेली, एक नवाकोरा बूटसुद्धा भरलाय की काय असं मला वाटलं. आणि मध्ये कांताबाई. मला बघताच त्यांनी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

"बाई गं, तुज्या पेपरानं माजं घर धुतलं! काय झालं मंग?"

"पास झाले!" मी स्कार्फ काढून ओरडले.

कांताबाईंचा चेहरा पडला.

"झालीस? पास? ... समदाच?"

"हो!"

"म्हंजी येखादा इषय राहिला बी नाय? परत द्यावा नाय लागत?"

एकटे जाधव सर तेवढे खुशीत होते. "अभिनंदन! छान झालं. म्हणजे आता पुढच्या पाण्याला मोटार लावायला हरकत नाही."

गल्लीवर अशी काही अवकळा पसरली की मला माझ्या पास होण्याची लाज वाटायला लागली. तेवढ्यात काठी आपटल्याचा आवाज आला. आत्याबाई, कडेवर ओवी घेऊन.

"कशी लावताल मोटार? दुसरा पेपर बाकी हाय तिचा!"

"आत्याबाई, पण तो तर सेंटरवरच..." मी सुरुवात केली. त्यांनी मला असा चिमटा काढला की वाक्य तिथंच राहिलं.

"शेंटर कुठंबी आसू दे. आब्यास घरातच करती का नाय? आब्यासाला शांतता लागती का नाय? काय सर?"

सर काय बोलणार? मुख्याध्यापक पडले ना. "लागते," म्हणाले. आणि आपणहून फळा पुसून त्यावर लिहिलं, "शांतता राखा. अभ्यास चालू आहे."

तेव्हापासून दर पाण्याच्या दिवशी साडेदहाला मला आतल्या खोलीत घालून दार लावून घेतात. सरांनीही हट्ट सोडला, खाली अंगणात दोन ड्रम आणून ठेवले. वाळूजच्या मॅडमनी मला कामावर घेतलंय, घरून अर्धा दिवस. पण दुसरा पेपर तीन महिन्यांत पास झाले तरच कायम. म्हणजे शांततेत बसून मी खरंच अभ्यास करते हो. निदान पहिली वीस मिनिटं. मग मला इतकी छान झोप लागते! ओवी झाल्यापासून अशी सलग झोप मला कुणी दिली नव्हती.

परवा कांताबाई पेढा घेऊन आल्या.

"कशाचा?" मी विचारलं.

"खंडोबाला जाऊन आले. नवस बोलले हाय तुज्यासाठी."

माझे डोळे भरून आले. "मी दुसरा पेपर पास व्हावं म्हणून?"

त्यांनी माझ्याकडं फार मायेनं बघितलं. "आगं, पास तू व्हशीलच की कवातरी. मी म्हनलं, देवा, आधी दोन-तीनदा तरी नापास कर."

पेढा मी खाल्ला. मग आत जाऊन दुसऱ्या पेपरची सराव परीक्षा सोडवली. शंभरात एकतीस. खंडोबाला माझ्या बाबतीत फारसे कष्ट पडतील असं काही दिसत नाही.